दाव्याने मोजलेली लढाई

लग्नानंतर लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही खर्ड्याला गेलो. तिथे एका भुईमुगाच्या शेतात उभं राहून यांनी मला कोणती फौज कुठून आली ते हातवारे करून दाखवलं आणि मी डोक्यावर पदर घेऊन "हो का, हो का" म्हणत राहिले. पुढच्या बावीस वर्षांत उदगीर झालं, पालखेड झालं, एका मे महिन्यात पानिपतही झालं. हे सांगलीत हायस्कुलात इतिहास शिकवतात आणि मी पोस्टात आहे. त्यामुळे यांना सुट्ट्या भरपूर आणि मला मोजक्या, पण माझ्या मोजक्या सुट्ट्याही रणांगणावरच खर्ची पडतात.

रणांगण म्हणजे बहुतेक वेळा एक रिकामं शेत असतं, एवढं ज्ञान मला या प्रवासांतून मिळालं. त्या शेतात मोजमापं घ्यायची असतात. त्यासाठी यांच्या पिशवीत पन्नास फुटी सुती दोरी असते, तिचं एक टोक यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. शिवाय एक जाड वही असते. तिच्यात लढाईचं ठिकाण, तिथी, दोन्ही पक्ष आणि 'विजयी' असे रकाने आखलेले. रकाने मी आखते, कारण यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने घरी येऊन सांगितलं की बारामतीहून इंदापूरला जाताना अंथुर्ण्याच्या जवळ एक माळ आहे. त्याला लोक 'छावणीचा माळ' म्हणतात, तिथे ओळीने दगड पुरलेले आहेत आणि कडेला एक कोरीव दगड उभा आहे. झालं. सुतावरून स्वर्ग गाठायला यांना सूतही फार लागत नाही. फौजेची छावणी, घोडे बांधायचे दगड आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभारलेला दगड), अशी सगळी मांडामांड संध्याकाळपर्यंत तयार झाली. दुसऱ्या दिवशी यांनी आमच्या इथल्या इतिहास मंडळात व्याख्यानही ठरवून टाकलं, 'एक अज्ञात रणभूमी' या नावाने. जागा अजून पाहायची होती.

भाऊबीज उरकली, उरलेला चिवडा आणि चकल्या डब्यात भरल्या आणि आम्ही निघालो. फलटण मागे पडलं, नीरा ओलांडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. कारखान्यांचा हंगाम नुकताच लागला होता. उसाने भरलेल्या बैलगाड्या रस्ता अडवून डुलत चालल्या होत्या आणि आमच्या एसटीचा ड्रायव्हर प्रत्येक गाडीमागे कर्णा वाजवून स्वतःचं समाधान करून घेत होता. बारामतीत उतरलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली मिळाली. चादरी स्वच्छ होत्या, पंखा मात्र फक्त माझ्या बाजूला वारा घालत होता. मी लगेच झोपून गेले.

सकाळी कऱ्हेच्या काठाने फिरलो. नदीत पाणी नावाला होतं आणि पात्रात म्हशी होत्या. एका हॉटेलात मिसळ खाताना यांनी मालकांना विचारलं, इथे जुनी लढाईची जागा कुठली? मालकांनी कढईतून मान वर न काढता सांगितलं की इथे लढाया फक्त निवडणुकीत होतात. मला मालक आवडले.

दुपारी सुप्याला गेलो. बारामतीहून तिकडे निघालं की हिरवा रंग हळूहळू सुटतो. ऊस जातो, ज्वारीची कोवळी पेरणी दिसते, मग बोडके माळ आणि हेकळीची काटेरी झुडपं. एका ठिकाणी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर चिंकारा हरणांचं एक कुटुंब उभं होतं. गाडी जवळ येईपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मग उडी मारून ती माळाच्या रंगात मिसळून गेली. मला तेवढ्यावर परत फिरायला चाललं असतं. पण सुप्यात यांना जुन्या गढीचे अवशेष बघायचे होते. अवशेष बघितले. आडवी पडलेली भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेल्या गोधड्या. हे तिथेही अर्धा तास रमले.

तिसऱ्या दिवशी इंदापूर. तिथे शेकडो वर्षांपूर्वी एक मोठे सरदार लढता लढता पडले, हे पाठ्यपुस्तकात नसलं तरी यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला त्या सरदारांबद्दल सासरच्या माणसासारखी माया वाटते. गढीच्या जागी सरकारी कचेरी होती. लोक हातात अर्ज घेऊन झाडाखाली बसले होते. यांनी चपला काढून बुरुजाच्या मातीला हात लावला. एका अर्जदाराला वाटलं, यांचं काम झालं असावं. त्याने विचारलं, "कोणत्या साहेबाला भेटला?" यावर हे हसले, आणि मीही पुष्कळ दिवसांनी मनापासून हसले.

संध्याकाळी उजनीच्या पाण्याकडे गेलो. धरणाने पसरलेलं ते पाणी इतकं रुंद आहे की समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्र वाटावा. काठावरच्या झोपडीवजा हॉटेलात चिलापी (तिथला मासा) तव्यावर तांबडी होईतो भाजून दिली. हे शाकाहारी आहेत. त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि माझ्या ताटाकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी मला वाटून गेलं, नवरा लढायांचा वेडा असला तरी घरात कधी लढत नाही, ही काय कमी गोष्ट आहे.

चौथ्या दिवशी बारामतीकडे परतताना मधेच माळावर उतरायचं होतं. निमगाव केतकीचा बाजार भरलेला होता, त्यामुळे गाडी बराच वेळ थांबली. मी उतरून पानमळ्यातल्या कोवळ्या पानांची एक पेंडी घेतली. सासूबाईंना निमगावची पानं म्हणजे जीव की प्राण. पुन्हा गाडीत बसताना ठरलं की पानं मी सांभाळायची आणि दोरीची पिशवी यांनी. पुढे कंडक्टरने घंटी मारून आम्हाला माळाजवळ उतरवलं, गाडी धूळ उडवत गेली आणि मग हे आपल्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघू लागले. दोरी बारामतीला निघून गेली होती. वही तेवढी माझ्या पिशवीत होती म्हणून वाचली.

कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस होता आणि वरच्या अंगाला तो माळ. चढून गेलो तर खरंच गुडघ्याएवढे उभे दगड ओळीने पुरलेले. एक ओळ, मग मोकळी जागा, मग दुसरी ओळ, अशा नऊ-दहा. काही पडलेले, काही झुकलेले. माळाच्या टोकाला शेंदराने माखलेला, छातीएवढ्या उंचीचा एक दगड होता. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मलाही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

माळाच्या कडेला दोन खोल्यांचं घर होतं. तिथून पांढरं पागोटं घातलेले एक म्हातारे काठी टेकत आले. ते भिवाआबा. पूर्वी त्यांची शंभर मेंढरं होती. आता कालव्याखाली दोन एकर ऊस, गोठ्यात चार गाई आणि मुलगा कारखान्यात कामाला. यांनी इतिहासाचे मास्तर म्हणून ओळख करून दिली, तशी आबांनी काठी खाली ठेवून हात जोडले. मग त्यांनी जे सांगितलं त्याने आमची सहल तिथेच संपली आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं.

उसाच्या वाहतुकीसाठी नवा रस्ता होणार होता, तो नेमका त्या शेंदरी दगडावरून. दगडाला आबांच्या घरात 'वीर' म्हणतात. घरात गाय व्याली की पहिलं दूध वीराला, जनावर आजारी पडलं की वीराभोवती पाच फेऱ्या, असं त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. आबा सरपंचांकडे तीनदा जाऊन आले. सरपंच वाईट नव्हते. पण ते म्हणाले, शेंदूर फासलेले दगड गावात पन्नास आहेत, प्रत्येकाला वळसा घालायचा तर रस्ता सापासारखा होईल. या दगडाला इतिहास आहे असा जाणत्या माणसाचा कागद आणा, मग बघू. पुढच्या आठवड्यात मशीन येणार होतं.

"तुमी आपसूक आलाव," आबा म्हणाले. "कागुद तेवढा लिवून द्या."

हे इतक्या आनंदाने "देतो" म्हणाले की मला त्यांचा हेवा वाटला. फक्त आधी मोजमाप करू, म्हणजे कागदाला वजन येईल. दोरी नव्हती. आबांची सून हौसाबाई गोठ्यात गेली आणि गाईचं दावं (गळ्यात बांधायची दोरी) घेऊन आली. पुन्हा एक टोक यांच्या हातात, एक माझ्या. पहिल्या दोन दगडांत अंतर भरलं बरोबर दोन दावी. पुढच्या दोन दगडांतही दोन. तिसऱ्या ओळीतही दोन, एका बोटाचाही फरक नाही. यांचा आवाज चढत गेला. "बघ, ही फौजेची शिस्त. उगाच नाही मुलूख जिंकत." मी वहीत लिहून घेत होते. सातव्या ओळीला मात्र माझ्या लक्षात आलं की आबा बांधावर बसून गालातल्या गालात हसत आहेत.

मी विचारलं, आबा, या दगडांना घोडे बांधायचे ना?

"घोडी कुठली, बाई. गुरं. भात्तरच्या दुष्काळातली छावनी ही."

आबांनी सरळपणे सगळं सांगितलं. बहात्तर साली चारा नव्हता, पाणी नव्हतं, तेव्हा आसपासच्या वाड्यांची जनावरं या माळावर आणून बांधली आणि बाहेरून येणाऱ्या वैरणीवर जगवली. खुंटे ठोकायला लाकूड नव्हतं, होतं ते चुलीत गेलं, म्हणून लांबट दगड पुरले. दोन जनावरांनी एकमेकांत गुंतू नये म्हणून मधे दोन दाव्यांचं अंतर. ओळी आखणारे स्वतः आबा होते.

"बराबर भरणारच की, मास्तर. ह्याच मापाच्या दाव्यानं आखल्याल्या."

छावणी हा शब्द एकच. आमच्या घरात त्याचा अर्थ फौज, त्या माळावर त्याचा अर्थ गुरं. बहात्तर साली मीही रेशनवरच्या सुकडी आणि मिलोचे दिवस पाहिलेले होते, वर्तमानपत्रात गुरांच्या छावण्यांचे फोटो पाहिलेले होते, तरी मला सुचलं नाही. यांनी दावं हळूहळू गुंडाळलं आणि हौसाबाईच्या हातात परत दिलं.

तेवढ्यात जेवायला बोलावणं आलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वाडग्यात ऊन ऊन माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज). पोटात कावळे ओरडत होते. मी तीन वाडगे प्यायले आणि हौसाबाईने चौथा न विचारता ओतला. आमच्या चकल्या आबांना चावेनात, म्हणून त्यांनी त्या माडग्यात बुडवून खाल्ल्या. यांनी मात्र एकच भाकरी चिवडली.

हात धुवायला बाहेर आलो तेव्हा मी हळूच म्हटलं, "लिहा की फौजेची छावणी म्हणून. कोण बघायला येतंय? दगड तर वाचेल."

"आणि उद्या कुणी येऊन आबांना विचारलं, तर? आबा खोटं बोलणार नाहीत. मग माझ्या कागदापायी तो दगडही खोटा ठरेल."

बावीस वर्षं मी या माणसाच्या वेडाला हसत आले, पण त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि आबांसाठी फार वाईटही वाटलं. गुरांच्या छावणीसाठी कोण रस्ता वळवणार होतं?

आबांना आमची कुजबूज कळली असावी. ते म्हणाले, छावणी सडकेला लागून बसवा असं तेव्हा कारकून सांगत होते, गाड्यांना सोपं पडलं असतं. पण सगळ्या वाड्यांनी हट्ट धरला की गुरं वीरापाशीच बांधायची. वीर गुरांना राखतो. का राखतो, ते कुणालाच ठाऊक नाही, बापजादे सांगत आले. एवढं ऐकलं मात्र, आणि हे ओल्या हातांनीच वीराकडे वळले. वीराचा दगड जमिनीत किती आहे, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, हातभर तरी असंल.

देवाला हात आम्हीच लावू, असं आबांनी सांगितलं. त्यांनी आधी तांब्याभर पाणी ओतलं, नमस्कार केला आणि खुरप्याने दगडाच्या पायाची माती सोडवायला घेतली. हौसाबाई माती बाजूला ओढत होती. वरच्या भागात शेंदराखाली चंद्र-सूर्य आणि पिंडीची पूजा बोटांना लागत होती, मधल्या भागात तलवार उगारलेला माणूस. सगळ्यात खालचा भाग जमिनीत होता आणि त्याला कधी शेंदूर लागलेलाच नव्हता. हौसाबाईने पदराने तो पुसला. एक माणूस आडवा पडलेला होता आणि त्याच्या अंगावरून ओळीने गाई चाललेल्या होत्या. शेवटच्या गाईला वासरू लुचत होतं.

हे तिथेच मातीत बसले. मग आबांना त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसं नाही, अगदी सावकाश. जुन्या काळी शत्रूची टोळी गावाची गुरं हाकलून न्यायची. त्या गुरांसाठी लढताना जो पडायचा त्याच्या दगडावर गाई कोरत. हा माणूस गुरांसाठी मेला. कोण होता, कधीचा, ते दगड सांगत नाही. आबा बराच वेळ त्या वासराकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

कागद मी लिहिला, यांनी सांगितला. वहीचं मधलं पान फाडलं. 'या माळावर पूर्वी गुरे वाचवण्यासाठी लढाई झाली व त्यात एक माणूस पडला, असे या वीरगळावरून दिसते. त्याच माळावर बहात्तर साली दुष्काळात याच गावांनी गुरे जगवली. ओळीने पुरलेले दगड त्या छावणीचे आहेत. दोन्ही जागा जपण्यासारख्या आहेत.' खाली यांची सही, शाळेचा हुद्दा आणि घरचा पत्ता. आबांनी कागद पागोट्यात ठेवला. सरपंच मानतील की नाही, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

सडकेपर्यंत ते पोचवायला आले. गाडी लांबून दिसू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "पर मास्तर, त्या लढाईत जितलं कोण?"

ज्यांना पानिपतच्या दोन्ही बाजूंच्या तोफा तोंडपाठ आहेत, ते हे म्हणाले, "आबा, ते दगडावर लिहिलेलं नाही."

बारामती स्टँडवर दोरीची पिशवी कंट्रोलरच्या टेबलावर आमची वाट बघत होती. पानं मात्र उन्हात अर्धी सुकली होती. सासूबाईंनी सुकलेली वेगळी काढली आणि उरलेल्यांवर आठवडाभर खूश राहिल्या. व्याख्यानाचं नाव यांनी बदललं आणि स्वतःच्या फजितीपासूनच सुरुवात केली. लोक आधी हसले, मग शांत झाले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागी होते. मला वाटतं, आम्ही रणांगणं शोधत हिंडलो तरी लढाई कशासाठी होते हे मला कुठेच नीट कळलं नव्हतं. ते कळलं माडग्याच्या चौथ्या वाडग्यानंतर, गाईच्या लुचणाऱ्या वासरासमोर.

संक्रांतीनंतर एके सकाळी टपालाच्या ढिगात आमच्याच पत्त्याचं एक पोस्टकार्ड मला मिळालं. वर नाव होतं, 'लढाईवाले मास्तर'. अक्षर गोल, शाळकरी. खाली नाव हौसाबाईचं होतं. नियम मोडून मी ते तिथेच काउंटरवर वाचलं.

'रस्ता वळीवला. वीर जाग्यावर हाय. सरपंच सोता बघून गेलं, दगडं पण काढत न्हायती. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. आबा म्हणत्यात, मास्तरांना कळवा. जितलं कोण इचारलं व्हतं, त्याचा आता उलगडा झाला. गुरं आजून हितंच हायती, तवा जितलो आमीच.'

संध्याकाळी यांनी ते दोनदा वाचलं. मग जाड वही काढून त्या लढाईचं पान उघडलं. तिथी नव्हती, पक्ष नव्हते, 'विजयी' हा रकानाही कोराच होता. यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी पेन घेतलं आणि कोऱ्या रकान्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, भिवाआबा.